तिखटामिठाच्या स्वयंपाकात चहा: कोण कोण करतं?

अर्धाकप | सोमवार, रात्री ९.१०

मंडळी, काल पातेलंभर छोले वाया जाता जाता राहिले, त्यावरून हा धागा.

कॅम्पात राहणारी एक मैत्रीण आहे, माहेर अमृतसरचं. तिच्याकडचे छोले गडद, जवळजवळ काळपट असतात आणि चवीला असं काहीतरी असतं की दुसऱ्यांदा वाढून घेतल्याशिवाय राहवत नाही. विचारलं तर म्हणाली, शिजवताना चहाची पुरचुंडी टाकतो, बस. घरी येऊन मीही मलमलच्या फडक्यात चहा बांधला. घरात होती ती वेलची-सुंठ घातलेली मसाला चहाची पावडर. किती घालायची ते विचारायचं राहिलं होतं, म्हणून रंग चांगला यावा या हिशेबाने चार मोठे चमचे. छोल्यांबरोबरच कुकरमध्ये, पाच शिट्ट्या आणि वर दहा मिनिटं मंद आच.

रंग आला. रंगाबद्दल तक्रारच नाही. पण पहिला घास घेतला आणि जीभ टाळ्याला चिकटली, कच्चं केळं खाल्ल्यासारखी. नवरा म्हणाला, "छोले आहेत का अमृततुल्य?" सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त दही मागितलं. दह्याबरोबर मात्र बरे लागले, हे विशेष.

तर, चहा घालायचा तो फक्त रंगासाठी की चवीसाठीही? आणि छोले सोडून आणखी कशात कुणी घालतं का? गोड नको. चहाचा केक, चहाचं आइस्क्रीम यावर इथे आधीच पुष्कळ धागे आहेत. जेवणातलं सांगा.


पळीपंचपात्री | सोमवार, रात्री ९.३२

चहा पिण्यासाठी असतो, छोले खाण्यासाठी. पुढचा धागा 'श्रीखंडात तंबाखू' यावर काढावा.


मुपोवाकड | सोमवार, रात्री १०.०५

काका, तंबाखूचं नंतर बघू.

अर्धाकप, आमच्या सोसायटीत निम्मं वर्ष टँकर. त्या पाण्यात छोले रात्रभर भिजवले तरी दगडच राहतात, म्हणून चिमूटभर सोडा घालतो. एकदा चहा आणि सोडा दोन्ही घातलं, तर छोले डांबरासारखे झाले. चहा फक्त एक चमचा होता. असं का व्हावं? आणि याच पाण्याचा कोरा चहा केला की कपात वर तेलासारखा तवंग येतो. आईकडे सदाशिवात तसं होत नाही.


लिटमस | सोमवार, रात्री ११.२०

दोघांना एकदमच उत्तर देतो. शिकवण्याची खोड आहे, लांबलं तर माफ करा.

चहाच्या कोवळ्या पानात कॅटेचिन नावाची द्रव्यं भरपूर असतात. पान चुरडलं, हवेला उघडं ठेवलं की त्यांचं ऑक्सिडेशन होऊन थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन तयार होतात. आपल्या काळ्या चहाचा तांबूस-तपकिरी रंग त्यांचाच. ही सगळी मंडळी प्रथिनांना घट्ट चिकटतात. तोंडात गेली की लाळेतल्या प्रथिनांना धरतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळ्याला घासायला लागते. तुरट म्हणतो ते हेच. म्हणजे ती चव कमी आणि स्पर्श जास्त. सासूबाईंनी दही मागितलं ते अगदी शास्त्रशुद्ध होतं: दह्यातलं केसिन हेही प्रथिनच, चहातल्या द्रव्यांनी जिभेऐवजी त्याला धरलं. चहात दूध घातल्यावर तो मवाळ होतो तोही यामुळेच.

आपण वापरतो ती बारीक गोळीची सीटीसी पावडर. दुकानदार जिला ममरी म्हणतात ती. तिचा सगळा अर्क तीन-चार मिनिटांत उतरतो. तुम्ही ती कुकरमध्ये अर्धा तास कोंडलीत, तीही चार चमचे. वेलची-सुंठेबद्दल बोलायलाच नको.

आता वाकडकर. टँकरचं किंवा बोअरचं पाणी बहुतेक वेळा जड असतं, त्यात कॅल्शियम जास्त. कॅल्शियम कडधान्याच्या सालीतल्या पेक्टिनला घट्ट करतं, म्हणून छोले शिजत नाहीत. सोडा ते पेक्टिन सैल करतो. चहावरचा तवंगही जड पाण्याचाच प्रताप. आणि सोड्याने चहा काळा पडतो कारण या रंगद्रव्यांचा स्वभावच तसा आहे: अल्कलीत गडद, आम्लात फिके. पटत नसेल तर दोन ग्लासांत कोरा चहा घ्या, एकात लिंबू पिळा, दुसऱ्यात चिमूटभर सोडा टाका. माझ्या आठवीच्या पोरांना मी हाच प्रयोग दाखवतो.

चव बिघडू न देता रंग हवा असेल तर चहा कमी आणि कढई लोखंडी. तुरट द्रव्यं आणि लोह एकत्र आले की काळा रंग धरतो. पूर्वी तुरट हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) वापरून काळी शाई करत, तीच ही गोष्ट.


हिमोग्लोबिन९ | मंगळवार, सकाळी ७.४८

मग लोह त्या शाईत अडकून बसलं तर अंगाला लागेल का? मला डॉक्टरांनी जेवणानंतर तासभर चहा घेऊ नका असं बजावलंय. इथे तर चहाच जेवणात.


लिटमस | मंगळवार, सकाळी ८.१५

रास्त शंका. वनस्पतीतलं लोह चहामुळे कमी शोषलं जातं, हे खरं आहे. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी चहाचे छोले रोजचे करू नयेत. महिन्यातून एकदा खाल्ले तर वर लिंबू पिळा, सोबत कच्चा कांदा-टोमॅटो घ्या. क जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते. तुम्ही मात्र तुमच्या डॉक्टरांचंच ऐका, माझं नको.


जोरहाटकर | मंगळवार, दुपारी २.४०

नावावरून फसू नका, मी मूळचा नारायण पेठेतला. बँकेच्या नोकरीत पाच वर्षं जोरहाटला काढली. तिथे टोकलाईला चहाचं संशोधन केंद्र आहे, १९११ सालचं. आणि ज्या सीटीसीबद्दल सर बोलले ते यंत्रही १९३०च्या दशकात आसामच्या मळ्यांतच जन्माला आलं. सीटीसी म्हणजे क्रश, टेअर, कर्ल: पान चिरडा, फाडा, वळा. आपला कटिंग उभा आहे तो या तीन क्रियापदांवर.

पण मुद्दा वेगळाच. आपण चहाला पेय समजतो कारण आपल्याकडे तो डब्यातून आला. जिथे त्याचं झाड आहे तिथे तो आधी पाला आहे, पालेभाजीसारखा.

बँकेत एक सिल्हेटी सहकारी होता. सिल्हेटकडच्या, म्हणजे आता बांगलादेशात असलेल्या मळ्यांतले मजूर दुपारी काय खातात ते त्याने मला करून घातलं. चहाचे अगदी कोवळे शेंडे हातावर चोळून बारीक करायचे. त्यात उकडलेला बटाटा, कच्चा कांदा, लसूण, हिरवी मिरची, मीठ, मुरमुरे, थोडा चिवडा आणि वरून मोहरीचं कच्चं तेल. सगळं हाताने कालवायचं. पातीचोखा म्हणतात. सकाळपासून पाठीला टोपली लावून पानं खुडणाऱ्या बाईकडे मधल्या सुट्टीत दुसरं असतं काय? जे हाताशी आहे तेच. आपल्या भेळेची गरीब बहीण म्हणा हवं तर, पण तो ताज्या पानाचा तुरटपणा आणि मोहरीचा झणका... पुण्यात ताजं पान मिळत नाही, त्यामुळे पुन्हा खाण्याचा योग नाही.

आसामच्या वरच्या अंगाला सिंगफो लोक राहतात. १८२३ साली रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला चहाची झाडं दाखवली ती त्यांच्या बेसा गाम या प्रमुखाने. त्यांचा फालाप म्हणजे पानं भाजून, वाळवून बांबूच्या नळकांड्यात ठासायची आणि नळकांडं चुलीवरच्या धुरात ठेवून द्यायचं. वर्षानुवर्षं टिकतो. पितात तो प्यायलाच, पण त्याचा धुरकट वास असा की मला पहिल्यांदा वांग्याच्या भरताची आठवण झाली.

आणखी पूर्वेला ब्रह्मदेशात तर चहाचं लोणचंच. लपेट. पानं वाफवून, दाबून, महिनोन्‌महिने आंबवतात. मग त्यात तळलेली कडधान्यं, शेंगदाणे, तीळ, तळलेला लसूण, टोमॅटो, कोबी, सुकी कोळंबी. त्यांच्यात म्हण आहे की फळांत आंबा, मांसांत डुकराचं आणि पानांत लपेट. मी कोलकात्याला एका ब्रह्मी घरात खाल्लं, सुकटीविना. कोशिंबीर म्हणायला गेलो तर यजमीणबाई रागावल्या.


पळीपंचपात्री | मंगळवार, सायंकाळी ५.०२

मंडाले म्हटलं की आम्हाला टिळकांचा तुरुंग आठवतो, १९०८ ते १९१४. तिथले लोक चहाचं लोणचं खातात ही माहिती आज झाली. असो.

मात्र एक गोष्ट कबूल करतो. तुरट हा आपल्या षड्रसांतला सहावा रस, कषाय. आणि आपल्या रोजच्या ताटात त्याचीच आबाळ आहे. आंबट, गोड, खारट, तिखट यांची चैन. कडूला निदान कारलं, मेथी. तुरटाला कोण? केळफूल वर्षातून दोनदा, आवळा हिवाळ्यात. (जाता जाता: संस्कृतातला 'कटु' म्हणजे आपलं तिखट आणि 'तिक्त' म्हणजे आपलं कडू. निम्म्या लोकांना हे उलटंच वाटतं.)

तेव्हा चहा तुरटीसाठी घातला तर माझी हरकत नाही. रंगासाठी घालत असाल तर पदार्थाला मेकअप कशाला?


अर्धाकप | मंगळवार, सायंकाळी ५.३०

काका, 'तुरटीसाठी' नका म्हणू, दाढीची तुरटी आठवते.


सोयासॉस | मंगळवार, रात्री १०.५५

औंधातून. सात वर्षं तैपेईत होतो, त्यामुळे दोन शब्द माझे.

चहातली अंडी. तिकडे कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानात शिरलात की आधी त्यांचाच वास येतो, काउंटरजवळ विजेच्या पातेल्यात उकळत असतात. घरी सोपी आहेत. अंडी सात-आठ मिनिटं उकडा, गार करा. कवच काढायचं नाही, चमच्याच्या पाठीने हलके ठोके देऊन सगळीकडून तडकवायचं. मग पातेल्यात पाणी, दोन मोठे चमचे काळा चहा (पत्तीचा असेल तर उत्तम, ममरीने कडू होतात), चार चमचे सोया सॉस, दालचिनी, दोन चक्रीफुलं, किंचित साखर. त्यात अंडी अर्धा तास मंद आचेवर आणि तशीच रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी कवच काढलं की पांढऱ्यावर संगमरवरासारख्या रेषा. मुलं आधी बघत बसतात, मग खातात.

दुसरं, जपानी लोकांचं ओचाझुके. गरम भातावर गरम ग्रीन टी ओतायचा, वर खारवलेलं आंबट फळ, थोडा मासा, समुद्री शेवाळाच्या पट्ट्या. ऐकायला विचित्र वाटेल, पण ज्याने तापातून उठल्यावर ताकभात आणि लिंबाचं लोणचं खाल्लंय त्याला समजावून सांगावं लागणार नाही. ग्रीन टीला उकळतं पाणी नको, ७०-८० अंश पुरे, नाहीतर कडू काढा होतो.

आणि तिसरं म्हणजे धुरी. सिचुआनमध्ये बदक चहाच्या आणि कापराच्या झाडाच्या पानांवर धुरवतात. आपण पनीर धुरवू. जुन्या लोखंडी कढईला आतून फॉइलचे दोन थर, त्यावर मूठभर तांदूळ, मूठभर चहा, मूठभर साखर किंवा गूळ. वर जाळी, जाळीवर पनीरचे जाड तुकडे. झाकण घट्ट. धूर निघायला लागला की मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं, बंद करून आणखी दहा. नॉनस्टिकमध्ये चुकूनही नको. खिडक्या उघड्या ठेवा. शेजारी चांगले असतील तर आधी सांगून ठेवा.


मुपोवाकड | मंगळवार, रात्री ११.१०

चांगले नसतील तर?


सोयासॉस | मंगळवार, रात्री ११.१२

तर पनीर जास्त घ्या.


तळेगावदाभाडे | बुधवार, सकाळी ६.५०

सगळे तैपेई, ब्रह्मदेश फिरून आले. आमच्या घरात शिळी भाकरी कुस्करून चहात खाल्ली जायची, तीच न्याहारी. दूध नसलं की कोरा. गूळ असला तर गूळ, नसला तर चिमूटभर मीठ. आजी म्हणायची, मिठाचा चहा पोटाला धरतो. ती लहानपणी ऊसतोडीवर गेलेली. याला पाककृती म्हणायची का, माहीत नाही. पण चहा जेवणात नव्हता असं कुणी म्हणू नये.


जोरहाटकर | बुधवार, सकाळी ९.०५

तळेगावकर, हे सगळ्यात मोलाचं लिहिलंत. लडाखात लोणी-मिठाचा चहा आणि सातू, काश्मिरात नून चहा आणि तंदुरी रोटी, मंगोलियात मीठ घातलेला दुधाचा चहा. सगळ्यांचं गणित तुमच्या आजीचंच. काश्मिरी नून चहात सोडा असतो बरं का, लिटमससर. हिरवी पत्ती सोडा घालून उकळउकळ उकळतात, पळीने वरून ओतत राहतात, गर्द तांबडा झाला की दूध. मग गुलाबी.


अर्धाकप | शनिवार, रात्री ८.४५

अहवाल.

आधी मैत्रिणीला फोन केला. फोन तिच्या आईने घेतला आणि मला झापलं. चार मोठे चमचे? त्यांच्याकडे मूळ रीत वाळलेल्या आवळ्याची. तो घरात नसेल तेव्हा चहा, किंवा थोडा आवळा आणि थोडा चहा. म्हणजे काका म्हणाले तेच, जागा तुरटाची आहे, रंग मागून येतो. वाळलेला आवळा म्हणजे आपली आवळकाठी! मी ती आजवर फक्त केसांच्या तेलात पाहिली होती. रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळाली. दुकानदाराने विचारलं, केस गळतात का? म्हटलं, छोले करायचेत. त्याने मान वर करून नीट पाहिलं आणि सुटे पैसे परत दिले.

पाव किलो छोल्यांना दोन छोटे चमचे साधी चहा पावडर. वेगळ्या पातेल्यात चार मिनिटं उकळून गाळली, चोथा बाहेर. तो दोन कप कोरा चहा छोल्यांच्या पाण्यात. सोबत आवळकाठीचे दोन तुकडे. सोडा नाही, आमच्याकडे महापालिकेचं पाणी येतं. मग लोखंडी कढईत आलं, अनारदाणा, भाजलेलं जिरं, आमचूर, वरून कडकडीत तूप. रंग मागच्यापेक्षा थोडा उजळ, पण चव! जीभ घासत नाही, फक्त घास संपल्यावर मागे काहीतरी रेंगाळतं आणि पुढचा घास घ्यावासा वाटतो. सासूबाईंनी दही मागितलं नाही.

मग धीर चेपला. उरलेला कोरा चहा काळ्या वाटाण्याच्या उसळीत पाण्याऐवजी घातला. वाटणाच्या खोबऱ्याचा तुपकटपणा त्याने छान कापला. हे मी पुन्हा करणार. भरल्या वांग्यात घातला तो मात्र चुकलाच. वांगं मुळात तुरट, शेंगदाण्याचं साल थोडं तुरट, त्यात चहा. तीन तुरटांची मोळी. कुणी करू नका.

अंडी उत्तम. माझ्या मुलाने शाळेच्या डब्यात नेली, मित्रांना डायनासोरची अंडी म्हणून सांगितलं आणि स्वतःला एकही उरलं नाही.

धुरीचं काय सांगू. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. पाचव्या मिनिटाला खालच्या काकू, सातव्याला चेअरमन, आणि वॉचमन बादली घेऊन. दार उघडलं तर घरभर गुळाचा आणि चहाचा धूर, मी मध्ये चिमटा धरून उभी. चेअरमनसाहेब म्हणाले, "होम आहे का?" खरं सांगितलं. पनीरचा एकेक तुकडा दिला, वर चाट मसाला. साहेबांनी दुसरा मागून घेतला, मग म्हणाले की गच्चीवर करत जा, आणि केलंत की सांगत जा.

आता कढईच्या कडेला गुळाचा काळा थर बसलाय, फॉइल फाटलं होतं. चिंच लावून झाली, राख लावून झाली.


सोयासॉस | शनिवार, रात्री ९.०१

कढईत पाणी भरून उकळा, गूळच आहे तो, विरघळेल. मग लाकडी उलथन्याने खरवडा. शेवटी तेलाचा हात.


पळीपंचपात्री | शनिवार, रात्री ९.२०

काळ्या वाटाण्याचं प्रमाण द्यावे. सौ. विचारत आहेत. (मी नाही.)


अर्धाकप | शनिवार, रात्री ९.२४

दोन वाट्या भिजवलेल्या वाटाण्याला एक कप कोरा चहा, एक छोटा चमचा पावडरचा, चार मिनिटं. बाकी पाणी. कोकम घालणार असाल तर निम्मंच घाला, आणि रंग जरा उतरेल हे काकूंना आधीच सांगा.


गच्चीबाग | रविवार, सकाळी ७.१५

उशिरा आले, पण एक राहून गेलंय. चहाचा चोथा आपण सगळेच गुलाबाला घालतो. अंड्यांच्या पातेल्यातला चोथा मात्र घालू नका, सोया सॉसमध्ये मीठ असतं. सोयासॉस यांची कृती मी मंगळवारीच करून पाहिली. अंडी छान झाली. गावठी गुलाब, अकरा वर्षांचा, कालपासून मान टाकून बसलाय. दोन बादल्या पाणी सोडून माती धुऊन काढली आहे. आणखी काही करता येईल का?